आरोग्य शिबिराचा फलक, लाल क्रॉस आणि 'रेडक्रॉस' हे नाव : कुणी वापरायचं, कुणी नाही?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. आमच्या गावचं मंडळ यंदा गणपतीत मिरवणुकीचा खर्च कमी करून आरोग्य शिबिर घेणार आहे. रक्तदान, डोळ्यांची तपासणी, साखर आणि रक्तदाब, सगळं मोफत. शिवाय लोकवर्गणीतून एक जुनी व्हॅन घेतली आहे, तिची रुग्णवाहिका करायची आहे.

फ्लेक्सवाल्याने नमुना पाठवला. वर ठळक अक्षरांत 'रेडक्रॉस महाआरोग्य शिबिर' आणि दोन्ही बाजूंना पांढऱ्यावर लाल अधिक. कमिटीत फार्मसी शिकणारी एक मुलगी आहे, तिने लगेच हरकत घेतली. रेडक्रॉस ही संस्था आहे, तिचं नाव आणि चिन्ह असं उचलून चालत नाही, असं तिचं म्हणणं. बाकीचे म्हणाले, अगं, प्रत्येक दवाखान्यावर तेच असतं. बैठक तिथेच अडली.

मला मुलीचं पटतंय, पण सभेत नीट मांडायला माहिती हवी. चिन्ह चालेल का, नाव चालेल का, आणि व्हॅनवर काय रंगवायचं? छपाईला अजून वेळ आहे, तेव्हा सविस्तर सांगा.

पेठेतला_पक्या
चालतं हो सगळं. आमच्या गल्लीत मेडिकल, दवाखाना, जनावरांचा डॉक्टर, तिघांच्या पाटीवर लाल प्लस आहे. एकालाही नोटीस आलेली मी पाहिली नाही.

वकिली_चष्मा
पक्या, नोटीस आली नाही म्हणजे परवानगी आहे असं नाही. कृष्णाकाठ, तुमच्या कमिटीतली मुलगी बरोबर आहे, आणि कायदाही स्पष्ट आहे.

आपल्याकडे जिनिव्हा करार अधिनियम, १९६० आहे. त्याच्या कलम १२ प्रमाणे केंद्र सरकारच्या मान्यतेशिवाय पांढऱ्यावरचा लाल क्रॉस कुणीही, कुठल्याही कारणासाठी वापरायचा नाही. 'रेडक्रॉस' आणि 'जिनिव्हा क्रॉस' हे शब्दही त्यात आले. लाल चंद्रकोरीलाही तेच संरक्षण आहे. 'हुबेहूब तसं नाही, जरा वेगळं काढलंय' ही सबबही चालत नाही, कारण फसगत होईल इतकं सारखं दिसणारं चिन्हही त्यात धरलं आहे. फ्लेक्सवाला आता रंग उलटे करून लालवर पांढरा क्रॉस सुचवेल, तर तोही नको. ते स्वित्झर्लंडचं राष्ट्रचिन्ह आहे आणि त्याचीही मनाई त्याच कायद्यात आहे.

शिक्षा कलम १३ मध्ये: पाचशे रुपयांपर्यंत दंड, आणि ज्या मालावर चिन्ह आहे तो माल जप्त.

म्हणजे तुमच्या शिबिराला चिन्हही नाही आणि नावही नाही. व्हॅनचा प्रश्न थोडा वेगळा आहे, त्यावर संध्याकाळी लिहितो, आता तारीख आहे.

पेठेतला_पक्या
पाचशे रुपये? फ्लेक्सच त्याहून महाग पडतो.

मृगनक्षत्र
दंड १९६० सालचा आहे, पक्या, रक्कम तेव्हाची आहे. मंडळाने त्यावर हिशोब मांडू नये.

शाई_आणि_ब्रश
मी साइनबोर्ड आणि फ्लेक्सचं डिझाइन करतो, त्यामुळे आमच्या बाजूने सांगतो. तयार चित्रांच्या संग्रहात 'मेडिकल' असा शोध घेतला की पहिल्या पानावर निम्म्याहून जास्त लाल क्रॉसच येतात. गिऱ्हाईक घाईत असतं, आम्ही तेच उचलतो. डिझाइन शिकवणाऱ्या वर्गात हे कुणी सांगत नाही. माझ्याकडे आता दवाखान्याचं काम आलं की मी स्वतःहून हिरवा क्रॉस किंवा निळा अधिक दाखवतो आणि दहातले बरेचसे डॉक्टर कारण ऐकून लगेच हो म्हणतात. ज्यांना लालच हवा असतो त्यांना लाल हृदय किंवा लाल थेंब चालतो. रंग तोच राहतो, आकार बदलतो.

कृष्णाकाठ, रक्तदानासाठी थेंबच घ्या. प्रथमोपचाराच्या टेबलासाठी हिरव्या चौकोनात पांढरा क्रॉस, ते प्रथमोपचाराचं आंतरराष्ट्रीय सुरक्षा चिन्ह आहे. कारखान्यात काम केलेली माणसं ते लांबूनही ओळखतात.

सुईदोरा
मला एक मुळातलंच कळत नाही. वैद्यकीय सेवा म्हणजे लाल क्रॉस, हे लहानपणापासून डोक्यात बसलंय. बाहुलीच्या डॉक्टर-सेटवर सुद्धा तेच. मग ते एका संस्थेच्या मालकीचं कसं? माझी आजी निरक्षर होती, पण लाल अधिक दिसलं की तिथे डॉक्टर आहे एवढं तिला समजायचं. चिन्ह काढून घेतलं तर अशा माणसांचं काय? मला हा नियम श्रीमंत संस्थेने आपलं नाव जपण्यासाठी केलेला वाटतो.

आघाडीचा_शिपाई
सुईदोरा ताई, प्रश्न रास्त आहे, म्हणून सावकाश लिहितो. मी सैन्याच्या वैद्यकीय दलात नोकरी केली आहे. पुण्यात एएफएमसीच्या, म्हणजे सैन्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या, आवारातही काही काळ होतो.

लाल क्रॉसचा अर्थ 'इथे डॉक्टर आहे' असा मुळात नाहीच. त्याचा अर्थ 'यावर गोळी चालवू नका'.

१८५९ च्या जून महिन्यात उत्तर इटलीत सॉल्फेरिनोला मोठी लढाई झाली. हजारो जखमी रणांगणावर तसेच पडून राहिले. त्यांना उचलायला जाणाऱ्यांवरही गोळ्या झाडल्या जात, कारण हा शुश्रूषा करणारा आणि हा लढणारा, हे लांबून कळायला मार्ग नव्हता. प्रत्येक देशाच्या वैद्यकीय पथकाचं निशाण वेगळं होतं. आंरी द्यूनां हा जिनिव्हाचा व्यापारी तिथे होता. त्याने गावातल्या बायांना गोळा करून दोन्ही बाजूंच्या जखमींची सेवा केली आणि नंतर हा विषय युरोपभर लावून धरला. १८६३ मध्ये जिनिव्हात समिती झाली, १८६४ मध्ये पहिला जिनिव्हा करार झाला, आणि सगळ्या देशांनी मिळून एकच खूण ठरवली. स्विस झेंड्याचे रंग उलटे करून. १९०१ चं पहिलं शांततेचं नोबेल द्यूनांला विभागून मिळालं.

तेव्हापासून सैन्याची रुग्णवाहिका, तंबू, रुग्णालय, आमच्या डाव्या दंडावरची पट्टी, सगळ्यांवर तेच. ती पट्टी बाजारात विकत मिळत नाही. लष्करी अधिकाऱ्यांच्या शिक्क्याची असते. त्या पट्टीच्या भरवशावर नर्सिंग असिस्टंट स्ट्रेचर घेऊन उघड्यावर जातो. समोरच्या सैनिकाने ते चिन्ह पाहून बोट ट्रिगरवरून काढावं, एवढंच त्याचं काम आहे. ते चिन्ह जनावरांच्या दवाखान्यावर, शांपूच्या बाटलीवर आणि आपल्या फ्लेक्सवर दिसत राहिलं की त्या सैनिकाच्या मनातली त्याची किंमत उतरते. कायदा शांततेच्या काळातही लागू आहे तो यासाठीच. युद्ध सुरू झाल्यावर लोकांना शिकवत बसायला वेळ नसतो.

मृगनक्षत्र
काका, हे कुठेतरी शाळेत शिकवायला हवं होतं.

सुईदोरा
हे मला खरंच माहीत नव्हतं. आजीचा प्रश्न मात्र उरतोच.

मिरजेचा_वैद्य
ताई, आजीच्या प्रश्नाचं उत्तर मी देतो. लोकांची नजर जे सारखं दिसतं ते शिकते. पोर्तुगाल, फ्रान्स, स्पेन इथे औषधाच्या दुकानावर हिरवा क्रॉस असतो आणि तिथली निरक्षर आजीसुद्धा तो ओळखते. आपल्याकडे सगळ्यांनी मिळून दहा-पंधरा वर्षं हिरवा लावला तर आपल्याही आजीला तोच समजेल.

आमच्या व्यवसायाबद्दल थोडं. डॉक्टरांच्या गाडीवर लाल क्रॉस लावायची पद्धत जुनी आहे. हेतू वाईट नसतो. रात्री-अपरात्री रुग्णाकडे जाताना कुणी अडवू नये इतकाच. पण ते चिन्ह डॉक्टर या माणसाचं नाही. लावायचंच असेल तर एका सापाची काठी लावावी, म्हणजे अ‍ॅस्क्लेपियसचा दंड. जागतिक आरोग्य संघटनेच्या बोधचिन्हात तीच आहे.

आणि इथेच आणखी एक घोटाळा. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी दोन साप आणि पंख असलेली काठी दिसते. ती हर्मीसची, ग्रीक पुराणात व्यापाराच्या आणि प्रवासाच्या देवाची. अमेरिकी सैन्याच्या वैद्यकीय दलाने १९०२ मध्ये ती घेतली आणि तिथून जगभर पसरली.

गोमंतकी_खलाशी
लिस्बनच्या हिरव्या क्रॉसचं अगदी खरं. तिथे तो दिव्यांचा असतो आणि रात्रीसुद्धा रस्त्याच्या टोकापासून दिसतो. पणजीत एका नव्या फार्मसीने तसाच लावलाय, छान दिसतो.

टोरांटोची_सई
कॅनडात तर ट्रेडमार्क कायद्यातच लिहिलंय की लाल क्रॉस आणि 'रेडक्रॉस' हे शब्द कुणीही आपलं व्यापारचिन्ह म्हणून घ्यायचे नाहीत. म्हणजे शब्दाचा मुद्दा चिन्हाइतकाच पक्का आहे.

अमेरिकेतली गोष्ट जास्त रंजक आहे. तिथे जॉन्सन अँड जॉन्सन कंपनी १८८७ पासून आपल्या मालावर लाल क्रॉस छापत होती. अमेरिकन रेडक्रॉस १८८१ मध्ये क्लारा बार्टनने स्थापली. पुढे कायदा झाला तेव्हा १९०५ च्या आधीपासून वापरणाऱ्यांना मुभा दिली, त्यात ही कंपनी बसली. शंभर वर्षं दोघं शेजारी शेजारी नांदले. मग रेडक्रॉसने आपलं चिन्ह प्रथमोपचार पेट्या विकणाऱ्या इतर कंपन्यांना वापरायला दिलं आणि २००७ मध्ये जॉन्सन अँड जॉन्सनने थेट रेडक्रॉसवरच दावा लावला! २००८ मध्ये न्यायालयाचा कल बराचसा रेडक्रॉसच्या बाजूने गेला आणि त्याच वर्षी तडजोड झाली.

पेठेतला_पक्या
म्हणजे भाडेकरूने मालकालाच घराबाहेर काढायला खटला भरला.

वकिली_चष्मा
नेमकं तसं नाही. कंपनीचा हक्क खरा होता आणि कायद्याने मानलेला होता. भांडण एवढंच होतं की संस्थेने आपलं चिन्ह विक्रीसाठी दुसऱ्याला द्यावं का. आपल्या १९६० च्या कायद्यातही आधीपासून नोंदलेल्या व्यापारचिन्हांसाठी सवलतीची तरतूद आहे, ती वेगळी.

आता व्हॅन. पहिल्या जिनिव्हा कराराच्या कलम ४४ मध्ये एक अपवाद आहे. शांततेच्या काळात, देशाच्या कायद्याला धरून आणि राष्ट्रीय रेडक्रॉस संस्थेची स्पष्ट परवानगी घेऊन, रुग्णवाहिकेवर किंवा फक्त मोफत उपचार देणाऱ्या मदत केंद्रावर हे चिन्ह लावता येतं. यातले दोन शब्द अधोरेखित करा: स्पष्ट परवानगी. मोफत सेवा देतो म्हणून आपोआप हक्क मिळत नाही.

भारतात ही संस्था म्हणजे इंडियन रेडक्रॉस सोसायटी, १९२० च्या स्वतंत्र कायद्याने स्थापन झालेली. राष्ट्रपती तिचे अध्यक्ष असतात, राज्य शाखेचे राज्यपाल, आणि जिल्हा शाखेचे सहसा जिल्हाधिकारी. म्हणजे कृष्णाकाठ, तुम्हाला विचारायचं असेल तर दार लांब नाही.

शाई_आणि_ब्रश
पण व्हॅनला लाल क्रॉसची गरजच काय? 'रुग्णवाहिका' हा शब्द मोठा, पुढच्या बाजूला आरशात वाचता येईल असा उलटा, आणि निळा सहा टोकांचा तारा. पुष्कळ रुग्णवाहिकांवर तो असतोच.

टोरांटोची_सई
त्या ताऱ्यालाही इतिहास आहे, आणि तो याच वादातून जन्मला. अमेरिकेत रुग्णवाहिकांवर आधी नारिंगी क्रॉस लावत. अमेरिकन रेडक्रॉसने १९७३ मध्ये म्हटलं की हा आमच्या चिन्हाची नक्कल वाटतो. तेव्हा तिथल्या महामार्ग सुरक्षा खात्याने निळा तारा काढला आणि १९७७ मध्ये तो प्रमाणन चिन्ह म्हणून नोंदवला. सहा टोकं म्हणजे तातडीच्या सेवेच्या सहा पायऱ्या: अपघात लक्षात येणं, कळवणं, पोहोचणं, जागेवर उपचार, वाटेत उपचार, रुग्णालयाच्या हाती सोपवणं. मधे तीच एका सापाची काठी.

मृगनक्षत्र
थोडं अवांतर होतंय, पण विषयाला धरून आहे. अशाच नियमांचा दुसरा प्रकार मी जवळून पाहिलाय. आमच्या घरात एकजण अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या (एए, दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना) सभांमुळे सावरले. ती संस्थाही ना नफा तत्त्वावरची, आणि तिचंही नाव नोंदलेलं व्यापारचिन्ह आहे. आमच्या भागात एका खासगी व्यसनमुक्ती केंद्राने पाटीवर 'एए केंद्र' असं लिहिलं होतं. केंद्रात महिन्याचे पैसे घेत. सभेतल्या जुन्या सभासदांना ते फार लागलं, कारण एएच्या बारा परंपरांतली सहावी परंपरा सांगते की गटाने आपलं नाव कुठल्याही बाहेरच्या उपक्रमाला द्यायचं नाही. पैसा, मालमत्ता आणि प्रतिष्ठा यांनी मूळ कामापासून लक्ष उडू नये म्हणून. सभेला फी नाही, आणि बाहेरची देणगी घेत नाहीत. मग पैसे भरलेल्या कुटुंबाला वाटतं की हे एएनेच घेतले. दोन सभासद जाऊन शांतपणे बोलले, पाटी बदलली. केंद्रात एएची सभा भरते एवढं लिहायला कुणाचीच ना नव्हती.

वकिली_चष्मा
मृगनक्षत्र, तुम्ही जो फरक सांगितला तोच कायद्यातही आहे. 'इथे दर शनिवारी एएची सभा भरते' हे खरं वर्णन झालं, त्यासाठी नाव घ्यावंच लागतं; आपला १९९९ चा ट्रेडमार्क कायदा प्रामाणिक उल्लेखाला आडकाठी करत नाही. 'एए केंद्र' म्हणजे मी त्यांचाच आहे असा दावा. बहुतेक ना नफा संस्थांच्या नियमांचं सार हेच असतं: आमच्याबद्दल बोला, लिहा, पत्ता द्या, पण आमचे असल्याचं भासवू नका आणि आमच्या नावावर विकू नका.

रेडक्रॉसचं मात्र याहून कडक आहे, कारण तिथे नुसतं व्यापारचिन्ह नाही, आंतरराष्ट्रीय करार आहे. बातमीत, पुस्तकात, या धाग्यात रेडक्रॉसचं नाव लिहायला अर्थातच हरकत नाही.

मिरजेचा_वैद्य
एएचं आणखी एक सांगण्यासारखं आहे. त्यांचं वर्तुळातला त्रिकोण हे चिन्ह होतं, १९५५ मध्ये स्वीकारलेलं. पुढे पदकं, कप, बिल्ले बनवणाऱ्यांनी ते सर्रास वापरायला सुरुवात केली. संस्थेने आधी अडवायचा प्रयत्न केला. मग त्यांच्या लक्षात आलं की कोर्टकचेरीत पडणं आपल्याच तत्त्वांना सोडून आहे, आणि १९९३ मध्ये त्यांनी त्या चिन्हाचा अधिकृत वापर सोडून दिला. नावाचं रक्षण ठेवलं. व्यसनातून बाहेर पडायच्या त्यांच्या बारा पायऱ्या मात्र इतर व्यसनांवर काम करणाऱ्या गटांना विचारल्यावर वापरू देतात. काय घट्ट धरायचं आणि काय सोडायचं याचा इतका प्रामाणिक विचार केलेली संस्था मला दुसरी माहीत नाही.

कोथरूडची_रेवा
मग आपल्या पुण्याचंही घ्या. बी. के. एस. अय्यंगार गुरुजी १९३७ मध्ये पुण्यात आले, १९७५ मध्ये शिवाजीनगरात रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्था सुरू झाली. आज जगात 'अय्यंगार योग' हे नाव कुणीही आपल्या वर्गाला देऊ शकत नाही. अमेरिकेत ते प्रमाणन चिन्ह आहे. वर्षानुवर्षं शिकून, परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवलेल्या शिक्षकालाच ते लावता येतं. काही लोक म्हणतात, योगावर कसली मालकी? पण योगावर मालकी कुणी सांगितलेलीच नाही. त्रिकोणासन कुणीही शिकवावं. पाठीच्या दुखण्याचा माणूस पट्टे, ठोकळे, खुर्ची घेऊन विशिष्ट पद्धतीने शिकायला येतो, तेव्हा समोरचा खरंच त्या पद्धतीत तयार झालाय एवढी खात्री त्या नावाने मिळते.

गोमंतकी_खलाशी
आणि अमेरिकेत योगाचे वर्ग चालवणाऱ्या बिक्रम चौधरींचं? त्यांनी तर आसनांवरच हक्क सांगितला होता ना?

कोथरूडची_रेवा
हो, पण तो कॉपीराइट होता आणि टिकला नाही. २०१५ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने सांगितलं की छव्वीस आसनं आणि दोन श्वसनप्रकारांचा तो क्रम ही पद्धत आहे, तिच्यावर कॉपीराइट लागत नाही. नाव जपता येतं, उपचार किंवा व्यायाम अडवून ठेवता येत नाही. मला ही रेषा फार योग्य वाटते.

सुईदोरा
हे पटलं. म्हणजे संस्थेने नाव जपणं हे पेशंटच्या फायद्याचंही असू शकतं. मी आधी श्रीमंत संस्थेचा हट्ट म्हटलं होतं, ते सगळीकडे लागू नाही.

पेठेतला_पक्या
तरी माझा मुद्दा राहतोच. मोठ्या माशांना कोण विचारतं? गावच्या मंडळालाच का नियम?

आघाडीचा_शिपाई
पक्या, मोठ्यांनाही विचारतात, आणि फार मोठ्यांनाही. २००८ च्या जुलैमध्ये कोलंबियाच्या सैन्याने बंडखोरांच्या ताब्यातून पंधरा ओलिसांना गोळी न झाडता सोडवलं. जगभर कौतुक झालं. नंतर उघड झालं की त्या मोहिमेत एकाने रेडक्रॉसचं चिन्ह अंगावर घातलं होतं. राष्ट्राध्यक्षांना जाहीर माफी मागावी लागली. मोहीम चांगल्या हेतूची होती, माणसं वाचली, तरीही. कारण पुढच्या वेळी जंगलात खरा रेडक्रॉसचा माणूस औषधं घेऊन गेला तर बंडखोर त्याच्यावर विश्वास ठेवणार नाहीत. युद्धात या चिन्हाच्या आडून हल्ला करून कुणाचा जीव घेतला तर तो आंतरराष्ट्रीय कायद्यात युद्धगुन्हा आहे.

आणि विश्वास ठेवला की काय होतं तेही सांगतो. १९७१ च्या डिसेंबरमध्ये ढाक्यात हॉटेल इंटरकॉन्टिनेंटल रेडक्रॉसने तटस्थ क्षेत्र म्हणून जाहीर केलं. पूर्व पाकिस्तानचे गव्हर्नर मलिक यांनी १४ डिसेंबरला राजीनामा देऊन तिथेच आसरा घेतला. शहराभोवती आपलं सैन्य होतं, वर आपली विमानं होती. आत शस्त्र न्यायला मनाई होती. रेडक्रॉसच्या शब्दावर ते सुरक्षित राहिले. आमच्या जुन्या सुभेदार साहेबांकडून हे ऐकताना मला त्या दंडावरच्या पट्टीचा पहिल्यांदा खरा अभिमान वाटला.

मृगनक्षत्र
अंगावर काटा आला काका.

पेठेतला_पक्या
बरं काका. एवढं कारण आधी कुणी सांगितलं नव्हतं.

बिटबाइट
खेळांतही हे झालंय. २०१७ च्या सुरुवातीला ब्रिटिश रेडक्रॉसने 'प्रिझन आर्किटेक्ट' या व्हिडिओ गेमच्या निर्मात्यांना पत्र पाठवलं. गेममधल्या रुग्णवाहिकेवर पाच-सहा ठिपक्यांएवढा बारीक लाल क्रॉस होता. त्यांनी तो हिरवा केला. तेव्हा आम्ही सगळे खेळणारे चिडलो होतो, एवढ्याशा ठिपक्यांसाठी पत्र! वरचं वाचून वाटतंय की मुलं ते चिन्ह सगळ्यात आधी तिथेच पाहतात, जीव वाढवायची पेटी म्हणून.

सुईदोरा
चंद्रकोर आणि दुसरं कुठलंसं स्फटिकाचं चिन्हही आहे ना? ते कसं?

मिरजेचा_वैद्य
१८७६ मध्ये रशियाशी झालेल्या संघर्षात ऑटोमन साम्राज्याने कळवलं की आमच्या सैनिकांना क्रॉस धार्मिक वाटतो, आम्ही लाल चंद्रकोर वापरू. पुढे तिला मान्यता मिळाली. २००५ मध्ये लाल स्फटिक आला, पांढऱ्यावर एका कोपऱ्यावर उभा लाल चौकोनी सांगाडा, कुठल्याच धर्माशी न जोडलेला. तिन्हींचा दर्जा सारखा. भारताने पहिल्यापासून क्रॉसच ठेवला. आपल्याकडच्या सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्सचा आठ टोकांचा पांढरा क्रॉस मात्र वेगळा, तो त्यांचा स्वतःचा. तोही उचलायचा नाही.

आणि डॉक्टरांनो, औषधवाल्यांनो, 'डब्ल्यूएचओ प्रमाणित' असं लिहिण्याबद्दलही थोडं. जागतिक आरोग्य संघटना कुठल्याही औषध कारखान्याला प्रमाणपत्र देत नाही. तिचे निकष वापरून आपल्याकडचं औषध प्रशासन देतं. संघटनेचं नाव आणि बोधचिन्ह १९५० च्या चिन्हे व नावे कायद्याने संरक्षित आहे. माझ्याकडे काढ्याची बाटली घेऊन एक गृहस्थ आले होते. त्यावर ते बोधचिन्ह छापलेलं होतं आणि आत काय आहे ते कुठेच नव्हतं. मधुमेहाची गोळी बंद करून ते काढा पीत होते. ते चिन्ह पाहूनच त्यांनी गोळी सोडली होती. चिन्हाच्या गैरवापराचं नुकसान असं थेट रक्तातल्या साखरेत दिसतं, आणि मला त्याचा मनापासून राग येतो.

कृष्णाकाठ
मंडळी, एवढ्या प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. आज बैठक झाली. काकांचा प्रतिसाद मी तसाच वाचून दाखवला. कुणीही विरोध केला नाही. आमच्या गावातून बरीच मुलं सैन्यात आहेत, त्यामुळे दंडावरच्या पट्टीची गोष्ट सगळ्यांना लगेच भिडली.

असं ठरलंय: नाव 'गणेशोत्सव मोफत आरोग्य शिबिर'. रक्तदानाला लाल थेंब, प्रथमोपचाराला हिरव्यावर पांढरा क्रॉस, डोळ्यांच्या तपासणीला डोळ्याचं चित्र. व्हॅनवर 'रुग्णवाहिका' आणि फोन नंबर. फार्मसीवाल्या मुलीकडेच फलकांचं काम दिलंय.

एक शंका उरली. रक्त गोळा करायला रेडक्रॉसची रक्तपेढी आली तर त्यांचं नाव फलकावर टाकायचं का?

वकिली_चष्मा
टाकायचं, पण त्यांना विचारून, आणि ते देतील त्या रूपात. 'रक्तसंकलन : इंडियन रेडक्रॉस सोसायटी रक्तपेढी' अशी एक ओळ खालच्या बाजूला, तुमच्या मंडळाच्या नावापासून वेगळी. त्यांनी चिन्ह दिलं तर लहान आणि त्यांच्या नावासकट छापा. ओळख सांगण्यासाठी ते लहान आणि नावासकट असतं. मोठं, नुसतं चिन्ह संरक्षणासाठी राखलेलं आहे. रंग, आकार बदलू नका, त्यावर अक्षरं घालू नका. जाहिरातदारांच्या पट्टीत तर अजिबात नको. परवानगी पत्रावर घ्या, फोनवर नको.

शाई_आणि_ब्रश
आणि चित्र त्यांच्याकडूनच मागवा, संग्रहातून उतरवू नका. फ्लेक्सवाला ओळखीचा नसेल तर मला निरोप पाठवा, हिरव्या क्रॉसची आणि थेंबाची मोठी फाइल फुकट देतो.

पेठेतला_पक्या
आमच्या गल्लीतल्या मेडिकलवाल्याला धागा पाठवला. दिवाळीत पाटी रंगवायची आहेच, हिरवा करतो म्हणाला. जनावरांचे डॉक्टर अजून विचार करतायत.

मिरजेचा_वैद्य
कृष्णाकाठ, फलकावर 'मोफत' हा शब्द सगळ्यात मोठा ठेवा आणि साखर तपासायला उपाशीपोटी यायचं की नाही ते खाली स्पष्ट लिहा. आमच्या शिबिरांत लोक चहा-पोहे घेऊन येतात आणि मग परत पाठवावे लागतात.